हायड्रिला : तळ्याकाठचे मासे, किडे आणि आपल्याकडून आलेली एक पाणवनस्पती



शाळेतला प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग आठवतो का? चंचुपात्रात पाणी, त्यात एका पाणवनस्पतीच्या चार फांद्या, त्यावर पालथं नरसाळं आणि नरसाळ्याच्या नळीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी. पात्र उन्हात ठेवलं की बारीक बुडबुडे वर जमायचे आणि मग सर धुमसती काडी आत धरून दाखवायचे, की बघा, हा प्राणवायू. आपल्यापैकी बहुतेकांनी जर्नलमध्ये या प्रयोगाची आकृती काढली आहे आणि टोकदार पेन्सिलीने बाण काढून 'हायड्रिला' असं नावही दिलं आहे.

तीच हायड्रिला फ्लोरिडातल्या तलावांत गेली साठाहून अधिक वर्षं ठाण मांडून बसली आहे. परीक्षेत चार गुण मिळवून देणारी ही वनस्पती इथे सरकारी दृष्टीने घातक तण आहे. केंद्र सरकारच्या यादीत तिचं नाव असल्यामुळे परवानगीशिवाय ती देशात आणणं किंवा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं हा गुन्हा आहे.

हा विषय आपल्या पानावर घ्यायचं कारण अगदी घरगुती आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांची घरं आता तळ्याकाठी किंवा रिटेन्शन पाँडच्या काठी आहेत, आणि एचओएच्या बैठकीत 'तळ्यातल्या गवताचं काय करायचं' हा मुद्दा निघाला की हात वर करून मत द्यावं लागतं. तिथे साधारण दोन पक्ष असतात. एक म्हणतो, सगळं साफ करून टाका. दुसरा म्हणतो, निसर्ग आहे, राहू द्या. माशांच्या आणि त्यांच्या खाद्याच्या दृष्टीने पाहिलं तर दोन्ही पक्ष चुकतात. ते कसं, हे सांगण्यासाठी हा लेख. आम्ही पेशाने संगणकवाले, जीवशास्त्रज्ञ नाही. पण या विषयावर इथल्या विद्यापीठांत पन्नासेक वर्षं काम झालं आहे आणि ते वाचायला कोणाची हरकत नसते.

बंगळूर ते टँपा

गोष्ट सुरू होते १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला. घरातल्या काचेच्या टाक्यांसाठी मासे आणि वनस्पती विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे श्रीलंकेतून ही वनस्पती आली. त्याला ती पसंत पडली नाही, म्हणून टँपाजवळच्या एका कालव्यात टाकून दिली गेली. तिथे ती इतकी जोमाने वाढली की पुढे तीच काढून विक्रीसाठी मायामीला नेली. १९६० मध्ये मायामीजवळचा एक कालवा आणि पश्चिम किनाऱ्यावरची क्रिस्टल रिव्हर अशा दोन ठिकाणी ती मोकळ्या पाण्यात सापडल्याची नोंद झाली. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत राज्यातल्या ४० टक्क्यांहून अधिक सार्वजनिक तलावांत ती पोचली होती.

१९९७ मध्ये जगभरच्या हायड्रिलाच्या नमुन्यांची डीएनए तुलना प्रसिद्ध झाली. तिच्यात फ्लोरिडातल्या वनस्पतीचं सगळ्यात जवळचं नातं निघालं ते बंगळूरच्या नमुन्याशी! म्हणजे बंगळूरहून अमेरिकेत येऊन स्थायिक होण्यात हिने आपल्या क्षेत्रातल्या मंडळींना चांगलं चाळीस वर्षांनी मागे टाकलं, तेही व्हिसाविना. (उत्तरेकडच्या राज्यांत पसरलेला प्रकार वेगळा आहे, तो कोरियातल्या नमुन्याशी जुळतो. कनेक्टिकट नदीत २०१६ मध्ये सापडलेला तर या दोन्हींहून निराळा निघाला. न्यू इंग्लंडच्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावं.)

फ्लोरिडातली सगळी हायड्रिला मादी आहे. नर झाड इथे नाहीच, त्यामुळे बीही नाही. तरीही तिचं काही अडत नाही. एकाच पेराचा तुकडा पाण्यात पडला तरी त्यातून नवी वनस्पती उगवू शकते. शिवाय मुळांना वाटाण्याएवढे कंद धरतात, ते चिखलात चार वर्षांहूनही अधिक काळ जिवंत राहतात आणि सवडीने कोंब काढतात. वरचं सगळं गवत मारलं तरी खाली बॅकअप तयार असतो, असं म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे पुण्याची मुळा-मुठा किंवा कोल्हापूरची पंचगंगा जलपर्णीने झाकलेली आपण पाहिली आहे. तो याच गोष्टीचा उलटा प्रवास. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून भारतात गेली, हायड्रिला भारताच्या बाजूने इकडे आली. फरक इतकाच, की जलपर्णी पाण्यावर तरंगते आणि पहिल्याच दिवशी डोळ्यात भरते. हायड्रिला तळात रुजून पाण्याखाली वाढते, आणि ती पृष्ठभागावर दिसू लागेपर्यंत खालचा सगळा पसारा होऊन गेलेला असतो.

काठच्या पाण्यात काय चालतं

तलावाचा मधला खोल भाग फोटोला चांगला, पण खरी वर्दळ काठाला. ऊन तळापर्यंत पोचतं ते उथळ पाण्यातच. म्हणून तिथे वनस्पती, वनस्पतींच्या पानांवर शेवाळाचा बुळबुळीत थर, तो थर खाणारे शंख आणि किड्यांची पिल्लं, त्यांना खाणारे छोटे मासे आणि छोट्यांना खाणारे मोठे. चतुर उडताना आपल्याला दिसतो, पण त्याच्या आयुष्याचा बराच मोठा भाग पाण्याखाली, गवतात दबा धरून शिकार करण्यात गेलेला असतो. संध्याकाळी तळ्याकाठच्या दिव्याभोवती ढगासारखी जमणारी, डासासारखी दिसणारी पण न चावणारी चिलटं असतात ना, त्यांच्या अळ्या तळाच्या चिखलात आणि पानांवर राहतात. त्याच अळ्यांवर माशांची पिल्लं पोसली जातात. बोटाच्या पेराएवढी पारदर्शक कोळंबीही याच गवतात असते.

फ्लोरिडाचे मूळचे काठ म्हणजे एकाच जातीची शेती नव्हती. लांब फितीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया (हिची बहीण आपल्या बारावीच्या पुस्तकात पाण्यावरच्या परागीभवनाच्या धड्यात होती), रुंद पानांचं पाँडवीड, काठाला उभं बुलरश, मध्येच कमळं आणि त्यांच्यामध्ये मोकळी वाळू. त्या मोकळ्या वाळूचं महत्त्व मोठं आहे. लार्जमाउथ बास आणि ब्लूगिल हे इथले नेहमीचे मासे उथळ पाण्यात शेपटीने तळ झाडून ताटलीसारखा खळगा करतात आणि त्यात अंडी घालतात. नर तिथे पहारा देत थांबतो. वसंतात काठाने चालत गेलात तर वाळूत असे गोल खळगे ओळीने दिसतात. मुलांना जरूर दाखवा.

वर छप्पर, खाली अंधार

हायड्रिलाला अगदी कमी उजेड पुरतो. भर उन्हाच्या एक टक्का उजेडातही ती वाढते, त्यामुळे इतर वनस्पतींना परवडत नाही अशा खोलीवरही ती मूळ धरते. सकाळी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड इतरांच्या आधी उचलते. दिवसाला इंचभर वाढ होऊ शकते. आणि पृष्ठभागाशी पोचली की तिला फांद्या फुटत जातात. तिच्या एकूण भाराचा निम्म्याहून अधिक हिस्सा वरच्या अर्ध्या मीटर पाण्यात असतो. म्हणजे खाली बारीक देठ आणि वर घट्ट छप्पर.

त्या छपराखाली उजेड नाही, म्हणून व्हॅलिस्नेरिया आणि पाँडवीड मागे पडतात. वारा पाणी ढवळू शकत नाही, म्हणून वरचं पाणी तापलेलं आणि खालचं तसंच पडून. दिवसा छपरात भरपूर प्राणवायू तयार होतो, त्या परीक्षानळीतल्यासारखाच, पण तो वरच्या थरात. रात्री हीच वनस्पती श्वसनासाठी प्राणवायू वापरते, तळाचा कुजणारा पालाही वापरतो, आणि दाट गवताच्या आत पहाटेपर्यंत प्राणवायू इतका उतरू शकतो की माशांना तिथे थांबता येत नाही. लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की बहुतेक माशांना ते असह्य होतं. गार आणि बोफिनसारखे हवा गिळू शकणारे मासे आणि पृष्ठभागाशी तोंड लावून श्वास घेणारे गंबुशिया तग धरतात. बाकीचे कडेला सरकतात.

किडे-शंखांचा हिशोब

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण सोप्या लेखांत ती नेहमी चुकीची छापली जाते. हायड्रिलावर किडे नसतात असं नाही. उलट बारीक पानांच्या वलयांमुळे तिच्यावर बसायला जागा भरपूर, आणि चिलटांच्या अळ्या, गोगलगायी, झिंगे तिच्यावर मोठ्या संख्येने सापडतात. उघड्या वाळूशी तुलना केली तर गवताळ पाण्यात केव्हाही जीव जास्त.

मग बिघडतं कुठे? एक तर जागेचा प्रकार एकसारखा होतो. रुंद पान, फितीचं पान, उभा दांडा, मोकळी वाळू या प्रत्येकाला धरून राहणारे वेगळे जीव असतात. सगळीकडे एकच जात पसरली की तिला जमवून घेणारे वाढतात आणि बाकीचे मागे पडतात. दुसरं, दाट पट्ट्याच्या आतल्या आणि तळाकडच्या भागात प्राणवायू कमी पडतो, म्हणून जीवांची गर्दी पट्ट्याच्या कडेला आणि वरच्या बाजूला एकवटते. तळातले शंख खाणाऱ्या रेडइअर सनफिशला, ज्याला इथले गळवाले शेलक्रॅकर म्हणतात, याचा उपयोग नाही. आणि तिसरं सर्वांत महत्त्वाचं : खाद्य आहे, पण माशाला तिथपर्यंत पोचता येत नाही. डबा भरलेला, पण झाकण उघडत नाही, अशी अवस्था.

किती दाट म्हणजे दाट?

यावरचा एक जुना प्रयोग आम्हाला फार आवडतो. सॅव्हिनो आणि स्टाइन या दोघांनी १९८२ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी खरी वनस्पती वापरलीच नाही. टाक्यांमध्ये हिरव्या पॉलिप्रॉपिलिनचे धागे देठांसारखे उभे केले आणि त्यांची संख्या बदलत नेली. चौरस मीटरला शून्य, ५०, २५० आणि १००० देठ. मग त्यात बास आणि त्याचं भक्ष्य म्हणून ब्लूगिल सोडले. शून्य आणि ५० देठांना बासची शिकार सारखीच चालली. २५० ला ती जवळजवळ शून्यावर आली आणि १००० ला तशीच राहिली. दाटीत बासला ब्लूगिल दिसतच नव्हते, आणि ब्लूगिलही आपली वागणूक बदलत होते. वनस्पती देशी की परदेशी हा प्रश्न या प्रयोगात आलाच नाही. नुसत्या दाटीने हा फरक पडला.

ब्लूगिलच्या बाजूने पाहणारं कामही त्याच वर्षी क्राउडर आणि कूपर यांनी मिशिगनच्या तळ्यांवर केलं. तिथे ब्लूगिल सर्वांत चांगले वाढले ते मध्यम दाटीच्या गवतात. विरळ गवतात खाद्य कमी, गच्च गवतात खाद्य मिळवणं अवघड.

आता हे दोन निष्कर्ष हायड्रिलाच्या छपराला लावून पाहा. पिल्लांना लपायला जागा अमाप, म्हणून ती मोठ्या संख्येने वाचतात. पण वाचलेल्या सगळ्यांना पुरेल इतकं खाद्य हाती लागत नाही, म्हणून वाढत नाहीत. मोठ्या बासला ती दिसत नाहीत, म्हणून तो अंगाने उतरतो. तळ्यात मासे 'खूप' असतात, पण सगळे बोटभर. गळ टाकून बसणारे याला वैतागतात, कारण जे लागतं ते परत सोडावं लागतं.

प्रत्यक्ष तलावांत काय दिसलं? फ्लोरिडा विद्यापीठाच्या कॉल आणि शायरमन यांनी १९८० मध्ये हायड्रिला असलेल्या तलावांतले मासे मोजून-वजन करून दाखवलं, की तिने तलावाचा साधारण ३० टक्क्यांहून अधिक भाग व्यापला की मोठ्या बासची अंगकाठी खालावते. ब्लूगिल आणि रेडइअर याहून जास्त दाटी सोसतात, पण पाणी तळापासून वरपर्यंत भरलं की तेही मागे पडतात. ३० टक्के हा काही देवाने आखून दिलेला आकडा नाही. तलाव किती खोल, पट्टा कुठे, मध्ये मोकळ्या वाटा आहेत की नाही, यावर तो हलतो. तरी 'थोडं असू द्या' म्हणजे साधारण किती, याचा अंदाज त्यातून येतो.

थोडं असणं उपयोगाचं असतं, याचा पुरावा वॉशिंग्टनजवळच्या पोटोमॅक नदीत आहे. तिथल्या पाण्याखालच्या वनस्पती प्रदूषणाने जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. १९८२ मध्ये हायड्रिला सापडली तेव्हा धास्ती होती ती नदी गुदमरण्याची. पण सांडपाण्याची व्यवस्था सुधारत होती त्याच काळात गवत परतलं, त्यात हायड्रिलाबरोबर काही देशी जातीही परतल्या, आणि त्यामागून मासे व बदकंही आली. जिथे काहीच उरलं नव्हतं तिथे तिने आसरा दिला. फ्लोरिडात मुळात भरल्या घरात ती शिरली.

टेक्ससचा तलाव : सगळं साफ केलं तेव्हा

आता 'साफ करून टाका' पक्षाकडे वळू. ह्यूस्टनच्या उत्तरेला लेक कॉनरो नावाचा सुमारे ८१०० हेक्टरचा कृत्रिम तलाव आहे. ह्यूस्टनची आपली मंडळी तिथे सहलीला जात असतील. १९८० च्या सुमारास या तलावाचा ४० टक्क्यांहून अधिक भाग हायड्रिलाने व्यापला होता. उपाय म्हणून १९८१-८२ मध्ये त्यात २ लाख ७० हजार ग्रास कार्प सोडले. ग्रास कार्प म्हणजे आपल्याकडे मत्स्यशेतीत रोहू-कटल्याबरोबर सोडतात तो गवत्या मासा. त्याला हायड्रिला अतिशय प्रिय. १९८३ पर्यंत हायड्रिला संपली. पण गवत्याला देशी-परदेशी असा भेद करता येत नाही. हायड्रिलाबरोबर पाण्याखालच्या बाकीच्या वनस्पतीही संपल्या.

पुढे काय झालं, हे बेट्टोली आणि सहकाऱ्यांनी बारकाईने नोंदवलं आहे. गवताच्या आधाराने राहणारे ब्लूगिल आणि इतर सनफिश घटले. मोकळ्या पाण्यात फिरणारे शॅडसारखे मासे वाढले. म्हणजे तलावातली माणसंच बदलली म्हणा ना! बासच्या पिल्लांचा तपशील तर विशेष आहे. गवत असताना बास साधारण १४० मिलिमीटर लांबीचा झाल्यावर किडे-झिंगे सोडून मुख्यतः मासे खायला लागत असे. गवत गेल्यावर तो ६० मिलिमीटरलाच मासे खाऊ लागला, आणि पहिल्या वर्षी जास्त झपाट्याने वाढला. शिकार दिसू लागली, म्हणून. बासवाल्यांना हे चांगलं वाटेल. पण लपणाऱ्यांची जागा गेली, गवतावरच्या सगळ्या किड्या-शंखांची जागा गेली, आणि पंचवीसेक वर्षांनी, २००० च्या दशकात, त्याच तलावात हायड्रिला पुन्हा वर आली आणि पुन्हा गवत्या सोडायची वेळ आली.

फ्लोरिडात आता फक्त पिल्लं न होणारे, ट्रिप्लॉइड गवत्या मासे सोडता येतात आणि त्यासाठीही राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ कमिशनचा परवाना लागतो. एचओएच्या बैठकीत कोणी उत्साहाने 'शंभर मासे आणून सोडू या' म्हणालं, तर दोन प्रश्न विचारा : परवाना घेतला का, आणि तळ्याच्या आकाराला किती मासे हे कोणी ठरवलं? सोडलेला गवत्या अनेक वर्षं जगतो आणि परत पकडणं फार कठीण.

यंत्राने कापण्याचा मार्ग निरुपद्रवी वाटतो, पण तोही तसा नाही. फ्लोरिडाच्या ऑरेंज लेकमध्ये हायड्रिला कापणाऱ्या यंत्राबरोबर किती मासे बाहेर जातात ते १९८० च्या एका अभ्यासात मोजलं गेलं. त्या पट्ट्यातल्या माशांपैकी संख्येने सुमारे एक तृतीयांश गवताबरोबर काठावर गेले, बहुतेक लहान. शंख आणि झिंगेही त्याच ढिगात जाणार हे उघड आहे. त्यातून तुकडे उडतात ते निराळेच.

तणनाशकाचंही तसंच. फ्लुरिडोन नावाचं औषध १९८० च्या दशकापासून फ्लोरिडात मुख्य होतं. अगदी कमी मात्रेत ते हायड्रिलाचा रंग उडवतं आणि ती हळूहळू मरते. हळूहळू मरणं माशांच्या फायद्याचं, कारण सगळं गवत एकदम कुजलं तर प्राणवायू एकदम खाली येतो. पण २००० च्या सुमारास काही तलावांत हे औषध लागू पडेना. २००४ मध्ये कारण कळलं : एकाच जनुकात, एकाच जागी झालेला बदल. वनस्पती मादीच, बी नाही, सगळ्या एकमेकींच्या प्रती. तरी इतक्या कोट्यवधी प्रतींत एखाद्या फांदीत चूक होते, ती फांदी औषधातून वाचते आणि तिचाच तलाव होतो. टेस्टिंगमध्ये न सापडलेला बग प्रॉडक्शनमध्ये जातो, तो असा. त्यानंतर दुसरी औषधं आणि आलटून-पालटून वापर असं धोरण आलं. औषध मारायचंच असेल तर परवानाधारक माणसाकडून आणि तलावाच्या तुकड्या-तुकड्याने, हे मात्र सगळीकडे सारखं.

तिच्या मायदेशी तिला खाणारे किडे आहेत, म्हणून तेही आणून पाहिले. पानं पोखरणारी हायड्रेलिया पाकिस्तानी नावाची बारीक माशी आणि कंद खाणारा एक भुंगा, दोन्ही भारत-पाकिस्तानातून आणून १९८७ मध्ये फ्लोरिडात सोडले. माशी टिकली, पण एकटीने तलाव मोकळा करण्याइतकी भारी पडली नाही. भुंग्याला पाणी आटून कोरडा पडलेला तळ लागतो. आपल्याकडे उन्हाळ्यात तळी आटतात, इथली आटत नाहीत. तो टिकला नाही.

गवतावरून गरुडापर्यंत

हायड्रिलाचा परिणाम काठच्या पाण्यात थांबत नाही, हे कळायला बराच काळ गेला. १९९४-९५ च्या हिवाळ्यात आर्कन्सॉमधल्या डीग्रे तलावावर २९ बाल्ड ईगल मरून पडले, मेंदूला झालेल्या विचित्र इजेने. कारण शोधायला पंचवीस वर्षं लागली. २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात उत्तर आलं : हायड्रिलाच्या पानांवर वाढणारा एक निळा-हिरवा जिवाणू ब्रोमीन असलेलं विष तयार करतो. हायड्रिला खाणाऱ्या कूट नावाच्या पाणकोंबड्यांच्या पोटात ते जातं आणि अशी झिंगलेली कूट पकडून खाणाऱ्या गरुडाच्याही. पानं खाणाऱ्या शंखांतही ते साठू शकतं. सगळ्याच तलावांतल्या हायड्रिलावर हा जिवाणू नसतो, पण असेल तिथे पान, शंख, पक्षी अशी साखळी तयार होते.

याच्या अगदी उलट गोष्ट ओरलँडोच्या दक्षिणेला, किसिमीजवळच्या लेक टोहोपेकालिगात घडली. तिथे दक्षिण अमेरिकेतला मोठा ॲपल स्नेल पसरला. (काठाच्या दांड्यांवर भडक गुलाबी अंड्यांचे घोस दिसतात ते याचे. देशी ॲपल स्नेलची अंडी मोठी आणि पांढुरकी असतात.) हायड्रिलाच्या गच्च पट्ट्यांत या शंखाचं छान चालतं. आणि एव्हरग्लेड्स स्नेल काइट हा शंखांवरच जगणारा दुर्मीळ शिकारी पक्षी तिथे येऊन मोठ्या संख्येने घरटी करू लागला. एका परदेशी वनस्पतीवर वाढलेला परदेशी शंख, आणि त्यावर तगलेला देशी, संरक्षित पक्षी! आता औषध मारताना घरट्यांचा विचार करावा लागतो. आम्हाला विचाराल तर या विषयात कोणी छातीठोक एका वाक्यात उपाय सांगत असेल, तर त्याने टोहो पाहिलेला नाही.

ओळखायची कशी आणि आपल्या हातात काय

हायड्रिलाची पानं देठाभोवती वलयात येतात, एका वलयात चार ते आठ, बहुधा पाच. कडा दातेरी, हाताला खरखरीत लागतात. तिच्यासारखी दिसणारी इथली देशी एलोडिया गुळगुळीत असते आणि वलयात बहुधा तीनच पानं. मुळांना पिवळट वाटाण्यासारखे कंद मिळाले तर हायड्रिला नक्की.

कयाक किंवा बोट एका तलावातून दुसरीकडे नेत असाल तर वल्ह्याला, दोरीला, ट्रेलरच्या चाकाला अडकलेलं गवत तिथेच काढून काठावर कोरड्या जागी टाका, आतलं पाणी ओता आणि बोट वाळू द्या. एका पेराचं काम किती मोठं असतं ते वर आलंच आहे.

मासे पाळण्याचा शौक संपला की टाकी तळ्यात रिकामी करू नका. शेजारच्या तळ्यात गप्पी सोडताना मुलांना फार पुण्य वाटतं, पण फ्लोरिडातली हायड्रिलाची सगळी कहाणी अशाच एका टाकून देण्यापासून सुरू झाली. वनस्पती सुकवून पिशवीत बांधून कचऱ्यात, मासे दुकानात परत किंवा दुसऱ्या हौशी माणसाकडे. घरच्या कुंडासाठी कमळाचे कंद मागवत असाल तर मुळांतली माती धुऊन नीट पाहा, कारण कमळाच्या कुंड्यांतूनही हायड्रिलाचे कंद नव्या तळ्यांत गेलेले आहेत. मुलांच्या सायन्स फेअरसाठी आपला जुना प्रयोग करायचा असेल तर दुकानातली, नाव माहीत असलेली वनस्पती घ्या आणि प्रयोगानंतर तीही कचऱ्यातच.

तळ्याकाठी घर असेल तर आपल्या हद्दीतलं सगळं गवत उपटून पांढरी वाळू करायचा मोह होतो. पोहायला आणि बोटीला एक वाट पुरते. किती रुंद वाट काढता येते आणि परवाना कधी लागतो, हे राज्याच्या कमिशनला आधी विचारावं. बाकी ठिकाणी व्हॅलिस्नेरिया, पाँडवीड किंवा बुलरश असेल तर ते राहू द्यावं. ब्लूगिलचे खळगे याच गवताच्या मधल्या मोकळ्या जागांत असतात.

उत्तरेकडच्या राज्यांतल्या वाचकांना नव्या तळ्यात हायड्रिलाचा संशय आला तर उपटू नका, तुकडे पसरतील. फोटो काढा, एका वलयातली पानं मोजता येतील इतक्या जवळून, शेजारी एखादं नाणं ठेवून, आणि जागेच्या नोंदीसह राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याकडे पाठवा.